माझ्या बाजूची मेंदी

आपा, माझ्या बाजूची मेंदी फार माजली होती. फांद्या पार तुळशीपर्यंत आल्या होत्या. सकाळी गाडी काढताना हँडलमध्ये अडकायच्या, दोरीवर कपडे वाळत घातले की बाह्या धरून ठेवायच्या. तुमच्या अंगणातून बघणाऱ्याला मात्र यातलं काही कळलं नसतं. तिकडून ती पट्टी लावून आखल्यासारखी सरळ दिसत होती. कारण तुमची बाजू मी कापते, आणि माझी बाजू तुमची होती.

गल्लीत नवीन राहायला आलेल्यांना हे समजावून सांगता सांगता मी थकायचे. दोन घरांच्या मध्ये भिंत नाही, मेंदीचं कुंपण. त्याची तुमच्याकडची बाजू मी छाटायची आणि माझ्याकडची तुम्ही. "असं उलटं का?" हा प्रश्न ठरलेला. नांदेडला तुमच्या शेजारी घर बांधून आले त्या वर्षी मीही तो विचारला होता. तुम्ही कात्री खाली ठेवली, पदरानं कपाळ पुसलं आणि म्हणालात, "आपापली बाजू कापली तर एकमेकींच्या अंगणात यायला कारण काय उरलं? आणि स्वतःपुरतं माणूस कसंही कापतं गं. दुसऱ्याला दिसणार म्हटलं की नीट कापतं."

तुम्ही गणिताच्या बाई. तुमचं उत्तर असं दोन पायऱ्यांत यायचं आणि खाली रेघ मारली जायची.

दुष्काळाच्या वर्षी नळाला पाणी येईना तेव्हा सगळ्या गल्लीतल्या बागा गेल्या. आपली मेंदी तांदूळ धुतलेल्या आणि कपडे खळबळलेल्या पाण्यावर जगली. तुमची बादली एका टोकाला, माझी दुसऱ्या टोकाला. लोक म्हणाले, आता तरी भिंत बांधा. तुम्ही म्हणालात, "ईदला पोरी पाला मागायला येतात, पंचमीला येतात. भिंत घातली तर त्यांच्या हाताला काय लावू, सिमेंट?"

आपा, तुम्ही गेल्यावर लोक मला विचारतात, त्या तुमच्या कोण होत्या? शेजारीण म्हटलं तर ते कमी पडतं. शाळेतल्या बाई म्हटलं तर त्याला किती वर्षं झाली. मग मी तुम्ही नांदेडला यायच्या आधीचा, देगलूरच्या शाळेतला तुमचा वर्ग आठवते. निम्म्या पोरी घरी तेलुगू बोलणाऱ्या, काही कानडी, काही तुमच्यासारख्या उर्दू, आणि आमच्यासारख्या खेड्यांतून येणाऱ्या बाकीच्या. पाढे मात्र सगळ्यांचे एकच. तुम्ही दोन्ही हात समोर ताठ धरायला लावायचात आणि पाढा म्हणायला लावायचात. हात खाली आला की पाढा पुन्हा पहिल्यापासून. ही शिक्षा आहे असं वाटायचं, पण तुम्ही स्वतःही फळ्यासमोर हात ताठ धरून उभ्या असायचात, हातात खडू, आणि आमच्याबरोबर म्हणायचात. एकोणीसचा पाढा आला की माझे हात लटपटायचे. तुम्ही माझ्याकडं न बघता म्हणायचात, "सुनंदा, हात थकला तर थकू दे. जीभ थकली नाही पाहिजे."

दहावीनंतर माझं शिक्षण थांबायचं ठरलं होतं. आमच्या घरात तोवर कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. तुम्ही जीपमध्ये दाटीवाटीनं बसून आमच्या गावाला आलात. मी दाराआडून ऐकत होते.

"बाई, धा इयत्ता झाल्या, लई झालं," माझे बाबा म्हणाले. "आमच्यात म्होरं कोन शिकलंय?"

तुम्ही शिक्षणाबद्दल एक अक्षर काढलं नाही. विचारलं, "दादा, बैल घ्यायला कुठं जाता?"

"देवणीला. न्हाई तर उदगीरला."

"पहिल्या बाजारात, पहिल्या दावणीचा घेऊन येता?"

"येडा हाव का मी? चार बाजार बघतो. दात बघतो, खूर बघतो, चालवून बघतो. मंग बोली."

"मग पोरीचं एकाच बाजारात कसं काय ठरवलं तुम्ही?"

बाबा हसायला लागले. "बाई कुटून निघाली अन् कुटं आली, बघ," असं आईला म्हणाले, आणि तुमच्यासाठी चहा ठेवायला सांगितलं. बारावीपर्यंतची परवानगी मिळाली. बारावीनंतर तुम्ही पुन्हा आलात आणि नुसतं विचारलंत, "दादा, दुसरा बाजार बघायचा का?" त्यानंतर बाबांनीच मला नांदेडच्या कॉलेजात आणून सोडलं.

तेव्हापासून 'चार बाजार' हा आपल्या दोघींचा शब्द झाला. साडी असो, कुकर असो, तुमच्या इम्रानसाठी मुलगी बघायची असो. तुम्हाला घाईनं घेतलेली वस्तू चालायची नाही. मी ऑफिसातून यायचे आणि सांगायचे, फ्रिज बघितला, चांगला वाटला. तुम्ही विचारायचात, "कितवा बाजार?"

मागच्या पावसाळ्यात तुम्ही ओट्यावरून घसरलात आणि उजवा खांदा गेला. हाड जुळलं, पण हात कमरेच्या वर येईना. लोखंडी कात्रीला दोन्ही हातांचा जोर लागतो. एका रविवारी मी माझी बाजू स्वतःच कापायला घेतली. दोन फांद्या पडल्या नसतील, तोच कुंपणापलीकडून आवाज आला.

"कोण हात लावतंय माझ्या बाजूला?"

"आपा, मीच आहे."

"तेच विचारते. तू तिकडं काय करून राहिलीस? तुझी बाजू इकडं आहे."

"अहो, खांदा बरा होईपर्यंत..."

"खांदा काय बरा व्हायचा नाही. आपण मशीन घेऊ."

मला वाटलं होतं तुम्ही गंमत करताय. पण पुढच्याच आठवड्यात आपण मोंढा बाजारातल्या शेती अवजारांच्या दुकानांचे उंबरे झिजवत होतो. मी मोबाइलवर बघून आले होते, चार जणांना विचारून आले होते. तुमच्या पर्समध्ये ओल्या रुमालात गुंडाळलेल्या मेंदीच्याच दोन फांद्या होत्या. एक कोवळी, एक अंगठ्याएवढी जाड. तिसऱ्या दुकानातल्या शेठना तुम्ही त्या काउंटरवर काढून ठेवल्यात.

"ह्या कापून दाखवा."

"बाई, दुकानात?"

"मग काय तुमच्या घरी येऊ?"

शेठनी आधी पेट्रोलची मशीन काढली. "ही घ्या. एकदा दोरी वढली की शेतभर कापत सुटतीया."

"मला शेत नाही. मेंदी आहे." तुम्ही ती डाव्या हातात घेतलीत, उजवा हात नुसता टेकवलात, समोर ताठ धरलीत आणि भर दुकानात सुरू केलंत, "एकोणीस एके एकोणीस, एकोणीस दुणे अडतीस..." त्रिकाला हात खाली आला. पाइप घ्यायला आलेला एक शेतकरी तोंडाला रुमाल लावून हसत होता.

"बाई, ही कसली टेस्ट म्हणायची?" शेठ म्हणाले.

"पाढा संपायच्या आत हात भरून आला तर ती मशीन माझी नाही. पुढची काढा."

वायरवाली पंच्याण्णवपर्यंत टिकली. ती मला पसंत होती. जोर होता, दात मोठे होते, जाड फांदी तिनं काकडीसारखी कापली. पण तुम्ही शेठना विचारलंत, "ही स्वतःची वायर कापते का?"

शेठ खरं बोलणारा माणूस. "कापती की, बाई. नजर हटली की संपलं. लई जणं वायर घ्यायला परत येत्यात."

मग बॅटरीवाली. हलकी, बारीक दातांची, दिसायला खेळण्यासारखी. तुम्ही ती धरलीत आणि आवाज चढत गेला. दुकानातली सगळी माणसं थांबून बघत होती. "एकोणीस नव्वे एकशे एकाहत्तर, एकोणीस दाहे एकशे नव्वद!" हात तसाच समोर. तुमचा चेहरा मी विसरणार नाही, आपा. वर्गात शेवटच्या बाकावरच्या पोरीचा पाढा पूर्ण झाला की असा व्हायचा.

पण जाड फांदीवर ती अडली. दात रुतले आणि मशीन घुमायला लागली. मी म्हणाले, "बघा, मी सांगत होते."

ती चालवायला दोन्ही हातांनी दोन बटणं दाबून धरावी लागायची. तुमच्या उजव्या हाताला ते अवघड जात होतं. शेठ मदतीला धावले, "त्याला टेप मारून द्या. सगळेच मारत्यात."

"नक्को." तुमच्या आवाजात शाळा आली. "ज्यानं हे दुसरं बटण ठेवलं, त्यानं कुणाचं तरी बोट गेलेलं बघितलं असेल. हात कमरेपर्यंत येतो ना माझा? मग मेंदीच कमरेएवढी ठेवू."

तेवढ्यात बाबांचा फोन आला. त्यांना मी सकाळीच सांगितलं होतं, आपण मशीन बघायला चाललोय. त्यांचा पहिला प्रश्न, "दात बगितले का?"

"बघितले बाबा. बारीक आहेत."

"बारीक दात म्हंजी कवळं हाय. घ्या. शिकंल."

तुम्ही इतक्या हसलात की शेठनी पाणी मागवलं. तरी आपण मशीन न घेताच परत निघालो. कारण रिक्षात आपलं भांडण झालं.

तुम्ही म्हणालात, "एक सांग. मशीन कशासाठी घ्यायची, मेंदीसाठी का हातासाठी?"

"मेंदीसाठी. कापायची मेंदीच आहे ना?"

"चूक. मेंदी कुठं चाललीय? हात चाललाय. मशीन हाताला बघून घ्यायची."

"आणि जाड फांद्यांचं काय?"

"त्याला कात्री आहे. तू आहेस. जाड फांद्या असतात किती गं? रोजच्या सगळ्या बारीकच असतात."

मला राग आला होता. खरं तर तो राग नव्हता. मी म्हणाले, "त्यापेक्षा वायरवाली घेऊ. दोन्ही बाजू मीच कापते. तुम्ही माझ्यासाठी आयुष्यभर इतकं..."

"पुढं बोलू नकोस. उपकाराची भाषा काढलीस तर मी रिक्षातून उतरीन."

रिक्षावाला वळून म्हणाला, "आपा, इथं नका उतरू. नाला हाय."

आपण दोघीही हसलो, पण वाक्य अर्धंच राहिलं. तुम्ही म्हणालात, "ईदनंतर बघू. अजून एक बाजार बाकी आहे." मीही विषय सोडला. ईदनंतर सगळंच बोलता येईल असं मला वाटत होतं.

रमजानच्या मध्यावर, दुपारी नमाजानंतर तुम्ही जरा पडते म्हणालात आणि उठला नाहीत. तुमच्या घरी जमलेल्या बायकांत मी बसले होते. प्रत्येकजण काहीतरी बोलत होती. मला फक्त एवढंच सुचत होतं की माझी बाजू राहिली.

ईदच्या आदल्या, चांदरातीच्या संध्याकाळी गल्लीतल्या पोरी पाल्यासाठी आल्या, पण तुमच्या फाटकापाशी थबकल्या. शोकाच्या घरी मेंदी कशी मागायची? शेवटी त्या माझ्या फाटकातून आत आल्या. माझ्या बाजूला इतका पाला होता की त्यांच्या परड्या भरल्या आणि तरी कुंपणाला काही उणं दिसेना. कितीतरी महिने तुम्ही मला त्याला हात लावू दिला नव्हतात, म्हणून तो होता. सगळ्यांत लहान पोरगी मला विचारत होती, "काकू, तुम्ही मेंदी कापत का न्हाईत?" मी तिला सांगितलं, ही बाजू आपांची आहे. तिनं मान डोलावली, जणू यात समजावून सांगण्यासारखं काही नव्हतं.

तुमचा चाळिसावा दिवस झाला आणि मी मोंढ्यात गेले. एकटीच. वाटेत मी ठरवलं होतं की हलकीच घ्यायची. ती धरायला आता तुमचा हात नाही, हे मला कळत होतं. तरी तुमचं म्हणणं पडू द्यायचं नव्हतं.

शेठनी मला ओळखलं. "पाढेवाल्या बाई कुठायत?"

मी सांगितलं. त्यांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "त्या परत येऊन गेल्या की. तुमास्नी ठाव न्हाई?"

"कधी?"

"रोजे सुरू व्हायच्या आदी. संगं सून होती. तिच्या हातात देऊ देऊ एक एक मशीन बघितली. सुनंला पाढे येईनात. मंग बाई म्हनल्या, अलिफ बे म्हण. तिनं सगळी अक्षरं म्हनली, हात खाली न्हाई आला. बाई म्हनल्या, झालं, हीच. पर आत्ता न्हेत न्हाई, म्हनल्या. न्यायला दुसरी येनार हाय. तवापासनं ती बॅटरीवाली खोक्यात भरून ठिवलीया."

आपा, मी दुकानातल्या स्टुलावर बसले. रिक्षात तुम्ही म्हणाला होतात, मशीन हाताला बघून घ्यायची. मी समजत होते की तुम्ही तुमच्या हाताबद्दल बोलताय. तुमचा हट्ट आहे, स्वाभिमान आहे, दुसऱ्याकडून करून घेणं जमत नाही, असं मी मनात धरून बसले होते. तुम्ही तर पुढचा हात शोधत होतात.

काल रविवार होता. मी खोकं घेऊन तुमच्या फाटकातून आत गेले. तुमची सून नसरीन ओट्यावर बसली होती. इम्रान नोकरीला हैदराबादेत, त्यांची पोरगी शाळेच्या सुट्टीत मामाकडे. तुम्ही गेल्यापासून नसरीन माझ्या अंगणात एकदाही आली नव्हती. मला वाटायचं, तिला माझ्याकडं यावंसं वाटत नाही. मी खोकं तिच्यापुढं ठेवलं. तिनं ते बघितलं आणि पदर डोळ्यांना लावला.

"बाजी, तुम्ही हीच आणली?"

"तुला माहीत होतं?"

"अम्मी बोलल्या होत्या. सुनंदाला आधी भांडून घेऊ दे. ती आपणहून हीच घेऊन आली तर तिच्या बाजूला जा. मोठी घेऊन आली तर गप बस, मग तिला एकटीलाच कापायचंय." मग हळूच म्हणाली, "मी रोज बघत होते जी, तुम्ही कधी जाता दुकानाला."

"मग सांगायचं नाही का?"

"अम्मीनं नक्को बोलल्यावर कोण सांगतंय?"

ते मात्र खरं होतं.

ती माझ्या अंगणात आली. चप्पल फाटकापाशी काढायला लागली, मी म्हटलं, राहू दे, काड्या टोचतील. तिनं दोन्ही बटणं नीट धरली. मशीन सुरू झाली तेव्हा दचकून एक पाऊल मागं गेली, मग पुढं आली. आवाजात काही ऐकू येत नव्हतं, पण तिचे ओठ हलत होते. बहुतेक अलिफ, बे, पे. रेघ काही सरळ आली नाही. मध्ये खड्डा पडला, पुढं उंचवटा राहिला. ती थांबून माझ्याकडं बघायची. मी 'चालू दे' म्हणून हात करायचे. तुमची पहिली छाटणी कशी होती मला माहीत नाही, आपा. मी बघितली तेव्हापासून ती सरळच होती. पण ती आधी कधीतरी वाकडी असणार, एवढं आता मला कळलं.

बॅटरी संपली तेव्हा आम्ही ओट्यावर बसलो. मी चहा केला. तिनं सांगितलं, तुम्ही तिला घरात पाढे शिकवायला घेतले होते, बारापर्यंत आले होते. मी म्हटलं, तेरापासून पुढं मी घेते. एकोणीसला मात्र मलाही हात धरून ठेवावा लागेल.

आपा, तुम्ही मला जे वाक्य पूर्ण करू दिलं नाहीत, ते मी इथंही पूर्ण करणार नाही. रिक्षा असो नसो, तुम्ही उतरून निघून जाल. तुम्ही मला शिकवलंत याबद्दल गावात, कॉलेजात, ऑफिसात मी कितीतरी वेळा बोलले आहे. पण तुमच्याकडं माझं काही द्यायचं राहिलंय या हिशेबात तुम्ही मला कधी बसूच दिलं नाहीत. दर वेळी माझ्या हातात नवं काम ठेवलंत. जातानासुद्धा ठेवलंत. त्या कामाच्या निमित्तानं काल एक पोरगी माझ्या फाटकातून आत आली.

चहानंतर बॅटरी थोडी भरली आणि नसरीन पुन्हा उठली. पार टोकाला, तुम्ही बादली ओतायचात तिथं, मशीन एकदा अडली. दात रुतले. तिनं बटणं सोडली आणि घाबरून हाक मारली, "बाजी, जाडी फांदी आहे!"

मी तुमची कात्री घेऊन गेले. दोन्ही हातांनी जोर लावला. फांदी तुटली.

त्यानंतर अंधार पडेपर्यंत तिनं मला पुन्हा हाक मारली नाही. पुढच्या सगळ्या बारीकच होत्या.